अकरा दिवसांची ओळख : मायलेकींचं जाडजूड जोडचरित्र कसं वाचावं

मेरी वुलस्टनक्राफ्ट १० सप्टेंबर १७९७ रोजी लंडनमध्ये गेली तेव्हा तिची धाकटी लेक, पुढची मेरी शेली, अकरा दिवसांची होती. पाच वर्षांपूर्वी, १७९२ मध्ये, आईने स्त्रियांच्या हक्कांवरचं ‘अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन’ लिहून खळबळ उडवली होती. लेकीने पुढे अठराव्या वर्षी ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी लिहायला घेतली. दोघींचं नाव मेरी. दोघींमध्ये एका शब्दाचीही देवाणघेवाण झाली नाही. आणि अशा दोघींची आयुष्यं एका पुठ्ठ्यात बांधायची, एक प्रकरण आईचं नि एक लेकीचं, अशी पाच-सहाशे पानं. पहिल्या प्रयत्नात मी दीडशे पानांवर पुस्तक मिटलं. कंटाळा आला नव्हता. कोण कुठे आहे, कोणतं साल चाललंय, ही मेरी कुठली, याचाच पत्ता लागेना.

दुसऱ्या खेपेला पुस्तक पूर्ण झालं, ते थोडी पूर्वतयारी केली म्हणून आणि एक प्रश्न हातात धरून ठेवला म्हणून. प्रश्न असा : या पानावर लेकीला आईबद्दल काय ठाऊक आहे, आणि ते तिला कुठून कळलं? लेकीला आई भेटली ती छापील पानांवर आणि इतरांच्या बोलण्यात. जोडचरित्र दोघींना शेजारी बसवतं, पण ती चरित्रकाराची मांडणी आहे. प्रत्यक्षात लेक आईची वाचक होती, तुमच्या-माझ्यासारखीच. पुढे जे काही सांगतो आहे ते सगळं हा प्रश्न सुटू नये म्हणून.

पहिला अर्धा तास वाचायचं नाही

अनुक्रमणिका उघडा आणि वर्षं मोजा. आईची प्रकरणं १७५९ ते १७९७ या अडतीस वर्षांवर पसरलेली असतात, लेकीची १७९७ ते १८५१ या त्रेपन्न वर्षांवर. प्रकरणांची संख्या मात्र दोघींना साधारण सारखी मिळते. त्यामुळे लेकीच्या बाजूला काळ कधी ठिबकतो, कधी धो धो वाहतो. १८१४ ते १८२२ या आठ वर्षांना ढीगभर पानं आणि त्यानंतरच्या जवळजवळ तीस वर्षांना चार-पाच प्रकरणं, असं हमखास होतं. हे आधी पाहून ठेवलं की मध्येच सहा वर्षं गायब झाल्यावर आपण पानं चिकटली आहेत का ते तपासत बसत नाही.

या मांडणीची आणखी एक गंमत (गंमत म्हणणं जरा क्रूरच) ध्यानात ठेवा. आईचा मृत्यू दोनदा येतो. लेकीच्या पहिल्या प्रकरणात तो होऊन गेलेला असतो, आणि आईच्या शेवटच्या प्रकरणात, पुस्तक संपत आलेलं असताना, पुन्हा घडतो. मधली शेकडो पानं आई डाव्या हाताला धडधाकट वावरत असते आणि उजव्या हाताला लेक पोरकी.

मग पानखुणा घाला, एक नव्हे दोन : एक चालू पानात, दुसरी शेवटच्या टिपांमध्ये. वंशवेल दिली असेल तर तिचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. आणि हिशेब करा. चाळीस प्रकरणं धरली तर वीस जोड्या होतात. आठवड्याला तीन बैठका जमल्या तर सात आठवडे. याहून घाई करू नका.

नावांची भानगड

हे काम वहीच्या पहिल्या पानावर, वाचायला बसण्याआधी. इथे नावं इतकी आदळतात की कादंबरीकाराने असं केलं असतं तर संपादकाने हस्तलिखित परत पाठवलं असतं.

मेरी तीन. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, लेक मेरी (आधी गॉडविन, मग शेली), आणि सावत्र आई मेरी जेन, जिच्याशी विल्यम गॉडविनने (आईचा नवरा, लेकीचा बाप) १८०१ मध्ये लग्न केलं. फॅनी दोन. फॅनी ब्लड ही आईची जिवाभावाची मैत्रीण, जी १७८५ मध्ये लिस्बनला बाळंतपणानंतर गेली. तिचंच नाव आईने आपल्या थोरल्या मुलीला दिलं, ती फॅनी इम्ले. मेरी जेनची मुलगी जेन क्लेरमॉन्ट पुढे स्वतःला क्लेअर म्हणवून घेऊ लागते, म्हणजे एकाच मुलीची दोन नावं. मेरी शेलीच्या एका मुलीचं नाव क्लारा, तेव्हा क्लेअर आणि क्लारा यांतही गल्लत होते. पर्सी दोन : लेकीचा नवरा, कवी पर्सी शेली, आणि तिचा मुलगा.

विल्यमचं तर विचारूच नका. गॉडविन विल्यम. लेकीचा लहानगा मुलगा विल्यम. पोटातलं बाळ मुलगाच असणार असं धरून आई आणि गॉडविन त्याला ‘विल्यम’ म्हणत होते, आणि झाली मेरी. आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये शास्त्रज्ञाने घडवलेला राक्षस ज्याचा पहिला बळी घेतो त्या लहान मुलाचं नावही विल्यम. हे चौघं एका ओळीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतील.

मी वहीत आईला ‘आई’ आणि लेकीला ‘लेक’ असंच लिहितो. चरित्रकार कुणाला आडनावाने, कुणाला पहिल्या नावाने हाक मारतो तिकडेही लक्ष द्या. पुरुष आडनावाने आणि बायका पहिल्या नावाने येत असतील तर तिथे समासात खूण करा. शिवाय आईचं आडनाव तिच्या हयातीतच बदलत होतं. १७९३ मध्ये पॅरिसमध्ये इंग्रज लोकांना अटका होऊ लागल्या तेव्हा फॅनी इम्लेचा बाप, अमेरिकन गिल्बर्ट इम्ले, याने तिची आपली बायको म्हणून अमेरिकेच्या वकिलातीत नोंद करून घेतली. लग्न झालेलं नव्हतं, तरी पुढे ती मिसेस इम्ले म्हणून वावरली.

दोन रकाने, आणि एक अरुंद तिसरा

सगळ्यात जास्त उपयोग मला याचा झाला. वहीची दोन समोरासमोरची पानं घ्या. डावं आईचं, उजवं लेकीचं. पण ओळी सालाप्रमाणे नकोत, वयाप्रमाणे आखा. सालाप्रमाणे आखलं तर १७९७ ला डावं पान संपतं, उजवं सुरू होतं आणि समोरासमोर काहीच येत नाही.

वयाप्रमाणे आखल्यावर काय दिसतं पाहा. सोळाव्या वर्षी आईची फॅनी ब्लडशी मैत्री जमते. त्याच वयात, सतरावा वाढदिवस महिन्यावर आलेला असताना, २८ जुलै १८१४ रोजी लेक विवाहित पर्सी शेलीबरोबर घर सोडते. एकोणिसाव्या वर्षी आई बाथमध्ये एका विधवा बाईंची सोबतीण म्हणून नोकरी धरते. त्याच वयात लेकीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहून पुरं होतं. पंचविशीच्या आसपास आई बहिणी आणि मैत्रिणीला घेऊन शाळा काढते; लेक विधवा होते, पदरात अडीच वर्षांचा मुलगा.

आणि अडतिसावी ओळ. आईच्या बाजूला शेवट. लेकीच्या बाजूला मी ‘७ एप्रिल १८३६, गॉडविन गेले’ असं लिहिलं आणि तारखा पुन्हा मोजल्या. आई ज्या वयात गेली त्याच वयात लेक बापाला पुरते आहे, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे पुरते आहे ते लंडनच्या सेंट पँक्रस चर्चच्या आवारात, आईच्या शेजारी. वाचताना या दोन घटनांमध्ये इतकी पानं असतात की हे लक्षात येत नाही. वहीत आपोआप दिसतं.

तिसरा रकाना फॅनी इम्लेसाठी. ‘मायलेकी लेखिका’ असा विषय ठरला की जी लेक लेखिका नाही ती बाजूला पडते. पण आई गेली तेव्हा फॅनी तीन वर्षांची होती. आईच्या कडेवर बसलेली, १७९५ मध्ये तिच्याबरोबर स्कँडिनेव्हियाला जाऊन आलेली मुलगी ती. तिच्यासाठी आईने वाचनाचे छोटे धडे लिहायला घेतले होते, ते मृत्यूनंतर छापले गेले. ९ ऑक्टोबर १८१६ रोजी वेल्समधल्या स्वान्सीच्या एका खाणावळीत बावीस वर्षांच्या फॅनीने अफू घेऊन जीव दिला. तिच्या अंतर्वस्त्रावर ‘एम. डब्ल्यू.’ ही अक्षरं होती असं तिथल्या वर्तमानपत्राने छापलं. तिसरा रकाना तिथे संपतो. तो आखला नसता तर ही मुलगी मला दोन ओळींचं दुय्यम पात्र वाटली असती.

जोडी मोडू नका

आईचं एक आणि लेकीचं एक अशी दोन प्रकरणं एका बैठकीत. वेळ कमी असेल तर त्या दिवशी बसूच नका. आईच्या प्रकरणावर पुस्तक ठेवलं आणि दोन दिवसांनी लेकीचं उघडलं की दोन्ही प्रकरणं एकमेकांशी काय बोलत होती ते हातातून निसटतं, आणि अदलाबदल नुसती अडचण होऊन बसते.

काही जण सुचवतात, आधी आईची सगळी प्रकरणं, मग लेकीची. मी करून पाहिलंय. वाचायला सोपं जातं, पण पुस्तक वेगळंच होतं : दोन सुटी चरित्रं, आणि दुसऱ्याच्या पहिल्याच पानावर पहिल्याचं ओझं. एक अपवाद मात्र करा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षांत आईचा धागा गुंतागुंतीचा आहे. लंडन, पॅरिस, ल हाव्र, पुन्हा लंडन, मग स्कँडिनेव्हिया. तिथे चकवा लागला तर त्या भागातली आईची तीन-चार प्रकरणं सलग वाचून मागे या.

मध्ये थांबून त्यांचं त्यांचं वाचा

लेखिकांचं चरित्र वाचून त्यांचं एकही पान न वाचणं म्हणजे लग्नाचा अल्बम पाहून जेवल्याचं समाधान मानणं. सगळं वाचायला नको. प्रताधिकार केव्हाच संपले आहेत, मूळ इंग्रजी मजकूर जालावर फुकट मिळतो.

आईच्या १७९२ च्या पुस्तकाची तेरा प्रकरणं आहेत आणि वाक्यं लांबलचक. प्रस्तावना वाचा आणि थेट बाराव्या प्रकरणावर जा, जे राष्ट्रीय शिक्षणाबद्दल आहे. मुलं-मुली एकत्र शिकतील अशा शाळा, आणि पाच ते नऊ वर्षांपर्यंत गरीब-श्रीमंत सगळ्यांना मोफत, ही मागणी तिथे आहे. पण माझं मत विचाराल तर आईचं सगळ्यात जिवंत पुस्तक ते नव्हे. ते १७९६ चं : स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमधून लिहिलेली पंचवीस पत्रं. इम्लेच्या धंद्याचं काम घेऊन गेलेली, त्याच्याकडून आतून तुटलेली बाई खडक, समुद्र, शेतकरी पाहत हिंडते आहे. लेकीलाही आईचं हे पुस्तक जवळचं होतं. १८१४ च्या पळापळीत, ऱ्हाईनवरून परतताना, हीच पत्रं मोठ्याने वाचली गेल्याची नोंद त्या वेळच्या दैनंदिनीत आहे. आईचं स्कँडिनेव्हियाचं प्रकरण झालं की यातली चार पत्रं वाचा, मग पुढे जा.

‘फ्रँकेन्स्टाइन’ची आवृत्ती निवडताना चुकू नका. १ जानेवारी १८१८ ची पहिली आवृत्ती तीन खंडांत, ५०० प्रती, लेखिकेच्या नावाशिवाय निघाली. १८३१ मध्ये लेकीने मजकुरात बरेच फेरफार केले. एलिझाबेथ आधी नायकाची नात्यातली बहीण होती, ती नंतर घरात आणलेली अनाथ मुलगी झाली. चरित्रासोबत वाचायला १८१८ चाच मजकूर घ्या, कारण त्या वेळची वीस वर्षांची लेक त्यात आहे. १८३१ ची प्रस्तावना तेवढी वेगळी वाचा, आणि चरित्रात १८३१ साल आल्यावरच.

शेवटच्या टिपा

टिपा वगळणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. पर्सी १८२२ मध्ये बुडाला. त्याचं चरित्र लिहायचं लेकीच्या मनात होतं. सासरे सर टिमथी शेली यांनी अट घातली : चरित्र लिहिलंस तर नातवाच्या पालनपोषणाचे पैसे बंद. तिने काय केलं? १८३९ मध्ये पर्सीच्या कवितांचा संग्रह संपादित केला आणि कवितांखालच्या टिपांत त्याचं आयुष्य लिहून काढलं. तेव्हा या बाईचं चरित्र टिपा न उघडता वाचणं म्हणजे तिचा अपमानच.

प्रत्येक टीप पाहायची गरज नाही. नियम साधा आहे : दृश्य फार देखणं झालं, की टीप उघडा. कुणाच्या मनात काय आलं, खोलीत उजेड कसा होता, असं वाचलं की मागे जाऊन बघा, तिथे पत्र आहे, दैनंदिनी आहे, की वीस वर्षांनी कुणीतरी सांगितलेली आठवण. लहानगी मेरी आईच्या थडग्यावरची अक्षरं बोटाने गिरवत वाचायला शिकली, हे चित्र तुम्हाला भेटेलच. तिथेही टीप उघडा.

काय टिकलं आणि काय हरवलं यावर चरित्राचा आवाज ठरतो. आईने इम्लेला लिहिलेली पत्रं आहेत, कारण ती गेल्यावर गॉडविनने ती छापली. इम्लेची उत्तरं नाहीत. म्हणून त्या प्रेमप्रकरणात आपल्याला एकच आवाज ऐकू येतो, आणि तो रडवेला वाटू लागतो. समोरची पत्रं असती तर कदाचित तसा वाटला नसता. लेक रोज काय वाचलं याच्या याद्या ठेवणारी. पण तिच्या दैनंदिनीची मे १८१५ ते जुलै १८१६ ही वही हरवली आहे, आणि जिनिव्हाच्या सरोवराकाठी ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुचलं तो जून १८१६ नेमका तिच्यात येतो. त्या पावसाळी रात्रींबद्दल जे वाचतो त्यातलं बरंचसं तिने पंधरा वर्षांनी, १८३१ च्या प्रस्तावनेत लिहिलेलं आहे. खोटं आहे असं नव्हे. पण चौतीस वर्षांच्या विधवेने अठरा वर्षांच्या स्वतःबद्दल लिहिलेलं आहे.

आणि गॉडविनची दैनंदिनी. १० सप्टेंबर १७९७ च्या नोंदीत फक्त वेळ आहे, आठला वीस मिनिटं कमी. पुढे नुसत्या रेघा. त्या प्रकरणात चरित्रकाराने कितीही पानं लिहिली असोत, ही नोंद शेजारी ठेवून वाचा.

त्याच गॉडविनने चारच महिन्यांनी, जानेवारी १७९८ मध्ये, बायकोचं पहिलं चरित्र छापलं : इम्ले, लग्नाबाहेरचं मूल, १७९५ मधले आत्महत्येचे दोन प्रयत्न, शेवटचं आजारपण, सगळं उघड. त्याला ते प्रेमाचं काम वाटलं. आईचं नाव त्याने पुढची कित्येक दशकं बदनाम झालं. एका मासिकाच्या सूचीत ‘वेश्यावृत्ती’ या शब्दापुढे ‘पाहा : मेरी वुलस्टनक्राफ्ट’ असं छापलं गेलं. लेकीने आपल्या जन्माची आणि आईच्या मरणाची हकिगत वाचली ती याच पुस्तकात. आता ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस आठवा. कोटाच्या खिशात त्याला आपल्या निर्मात्याची टिपणं सापडतात आणि आपण कसे घडलो ते तो त्यात वाचतो.

साम्य दिसलं की पेन्सिल

मी आत्ता जे केलं तेच जोडचरित्र पानोपानी करतं, आणि इथेच सावध राहायचं. साम्य दिसलं की समासात पेन्सिलने एक अक्षर लिहा. ‘पु’ म्हणजे पुरावा आहे, ‘क’ म्हणजे काळाची रीतच तशी होती, ‘च’ म्हणजे चरित्रकाराला सुचलेलं.

१८१४ मध्ये लेक आईची पत्रं ऐकते-वाचते आणि १८१७ मध्ये स्वतःचं प्रवासवर्णन छापते : ‘पु’. आईचं १७९० चं पुस्तक आधी निनावी, मग दुसऱ्या आवृत्तीत नावानिशी. लेकीचं ‘फ्रँकेन्स्टाइन’ही आधी निनावी, १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत नावानिशी. दिसायला छान जुळतं, पण निनावी छापणं त्या काळी सर्रास होतं : ‘क’.

अवघड उदाहरण हे. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची सुरुवातीची पत्रं वॉल्टन नावाचा दर्यावर्दी आपल्या बहिणीला, मार्गारेट सॅव्हिलला लिहितो. तिची आद्याक्षरं लेकीच्या लग्नानंतरच्या आद्याक्षरांशी जुळतात. पहिलं पत्र ११ डिसेंबरचं, शेवटची नोंद १२ सप्टेंबरची : नऊ महिने. साल ‘१७—’ असं अर्धवट, पण एका ठिकाणी ३१ जुलैला सोमवार आहे, आणि १७९७ मध्ये ३१ जुलैला सोमवारच होता. म्हणजे कादंबरी आईच्या गरोदरपणात सुरू होते आणि तिच्या मृत्यूनंतर दोन दिवसांनी संपते! अंगावर काटा येतो. मग पेन्सिल घ्या. ३१ जुलैला सोमवार १७८६ मध्येही होता. शिवाय त्याच पत्रांत कवी कोलरिजच्या कवितेतल्या अल्बाट्रॉस पक्ष्याचा उल्लेख येतो, आणि ती कविता छापली गेली १७९८ मध्ये. मी तिथे ‘च’ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं, आणि ते अजून खोडलेलं नाही.

जड पानं

ऑक्टोबर १८१६ ते जुलै १८२२ या पट्ट्यात मरणं एकामागून एक येतात. फॅनी. मग डिसेंबरमध्ये सर्पेंटाइन तळ्यात सापडलेली हॅरिएट, पर्सीची पहिली बायको. १८१८ मध्ये व्हेनिसला क्लारा, १८१९ मध्ये रोमला विल्यम, शेवटी पर्सी. समोरच्या प्रकरणांत त्याच सुमारास आई टेम्सच्या पुलावरून उडी मारत असते. इथे आठवड्याला एकच जोडी ठेवा. वाचनाचा वेग राखायचा म्हणून ही पानं ढकलू नका, आणि रात्री झोपताना तर नकोच.

शेवटच्या प्रकरणांत बरेच जण भराभर पानं उलटतात, कारण ‘फ्रँकेन्स्टाइन’ मागे पडलेलं असतं. तिथे १८२६ ची ‘द लास्ट मॅन’ आहे, साथीने माणूसजात संपण्याची कादंबरी. १८३५ ची ‘लोडोर’ आहे, जिच्यात लहानपणीच ताटातूट झालेल्या मायलेकी आहेत. आपली वयाच्या ओळींची वही उघडी असेल तर ‘लोडोर’चं साल कोणत्या ओळीजवळ पडतं ते बघा.

वहीतली शेवटची नोंद १८५१ ची. लेक १ फेब्रुवारीला गेली. सुनेने सेंट पँक्रसहून गॉडविन आणि वुलस्टनक्राफ्ट यांचे अवशेष बोर्नमथला हलवले आणि तिघांना एकत्र पुरलं. ही ओळ दोन्ही रकान्यांत ओढून लिहा. १७९७ नंतर दोघींचा पत्ता इथे पुन्हा एक होतो. आईच्या थडग्याचा दगड मात्र सेंट पँक्रसलाच राहिला, तेवढं समासात टिपा.